तांबड्या ओळी

सांगलीच्या गणपती पेठेत मोटार-पंपांचं एक ठोक दुकान आहे. मालकांना सगळी पेठ अण्णा म्हणते. पाणबुडी मोटारी, स्टार्टर, केबल, पीव्हीसी फिटिंग, बेअरिंग, वायंडिंगची तार असा माल. शेतकरी गिऱ्हाईक थोडं. खरा धंदा तासगाव, पलूस, जत, कवठेमहांकाळ, शिरोळ इथल्या लहान दुकानदारांशी आणि मोटारींचं रिवायंडिंग करणाऱ्या मिस्त्र्यांशी. सीमेपलीकडं अथणी-चिकोडीपर्यंत टेम्पो जातो. रोखीनं घेणारा विरळा. तासगावकडचे पैसे द्राक्षं उतरल्यावर येतात, पलूस-शिरोळचे उसाचं बिल निघाल्यावर, आणि जतचे पाऊस मनावर घेईल तेव्हा.

अशा धंद्यात भांडवल गावोगावी पसरलेलं असतं. कुणाकडं किती आहे, हे ज्या चोपडीत लिहिलेलं असतं तिच्याच जोरावर दुकान उभं असतं. अण्णांच्या चोपड्या २०१९ च्या ऑगस्टमध्ये भिजल्या. कृष्णा पेठेत शिरली आणि ओसरली तेव्हा खतावण्यांची पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली, तासगावची बाकी शिरोळच्या पानावर उमटलेली. गोदामातल्या मोटारीही बुडाल्या होत्या. पण मोटार वाळवता येते.

दिवाणजींनी मग यादी नव्यानं उभी केली. तेव्हा ते साठीला टेकले होते. एक्सेल त्यांनी त्यासाठीच शिकून घेतलं. वाचता येणाऱ्या पानांवरून काही नावं मिळाली, टेम्पोच्या चलनांवरून काही, जुन्या मोबाइलमधून काही. आणि काही माणसं स्वतःच आली. ‘अण्णा, तुमच्या चोपड्या गेल्या म्हणं. माझ्याकडं तुमचे एवढे हाईत, लिवून घ्या.’ पुराच्या बातम्यांत असल्या गोष्टी येत नाहीत, म्हणून इथं नोंदवून ठेवतो.

यादीला सहा रकाने होते. नाव, गाव, मोबाइल, जीएसटी नंबर, येणे आणि शेवटी शेरा. पहिल्या पाचांत जमेल तेवढं भरलेलं होतं, सहावा मात्र दिवाणजींनी जीव लावून लिहिला होता. ‘मुलाशी बोलावे.’ ‘चेक घेऊ नये.’ ‘भाऊ वेगळे झाले, धाकट्याला बाकी विचारू नये.’ ‘तोंडाने फाटका, पैसे वेळेवर.’ आणि सहा-सात नावांपुढं नुसतंच ‘मागू नये’.

ह्या ‘मागू नये’ला कारण होतं. कोइमतूरच्या ज्या कारखान्यातून अण्णांकडं मोटारी यायच्या, त्यांनी पुरानंतर सहा महिने पैशाचा विषय काढला नव्हता. फोन यायचा तो दुकान उघडलं का, एवढं विचारायला. अण्णांनी तीच रीत खाली चालवली. ज्यांचं सगळंच गेलं त्यांना आपण होऊन विचारायचं नाही.

त्या सहा-सातांत भिलवडीचे एक मिस्त्री होते. त्यांचं स्वतःचं वर्कशॉप नदीनं धुऊन नेलं होतं. पाणी उतरल्यावर ते दोन पोरं घेऊन पेठेत आले आणि अण्णांच्या मागल्या चौकात बसले. एकेक मोटार उघडली, धुतली, वाळवली, जिची वायंडिंग गेली होती तिची नव्यानं भरली, व्हार्निश मारलं, मेगर लावून बघितली. तीन आठवडे हे चाललं. मजुरीचं काढलं की उठून चहा सांगायला जायचे. त्यांच्या नावावर जुने बावीस हजार सहाशे होते. अण्णा म्हणाले, ‘दिवाणजी, ह्यांच्या फुडं मागू नये म्हणून लिवा.’ दिवाणजींनी लिहिलं.

पाच-सहा वर्षं ही यादी चालली, फुगली. मग एका मार्चअखेरीला अण्णांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं. बिल, माल, जीएसटीचं विवरणपत्र, येणेबाकी सगळं एकाच ठिकाणी, आणि ज्याची मुदत टळली त्याला आपोआप मेसेज. एक तारखेपासून बिलं त्यातूनच काढायची असं ठरलं. यादी आत घालायचं काम माधवनगरच्या शीतलकडं आलं. ती बीकॉम झालेली, दुकानात कामाला यायची. तिच्या जोडीला अण्णांचा पुतण्या दीपक.

सॉफ्टवेअरवाल्यांनी एक कोरी नमुना फाइल दिली होती. तिच्यात चाळीसेक रकाने. ज्यांच्यावर चांदणी ते सक्तीचे: नाव, राज्य, मोबाइल, सुरुवातीची बाकी. बाकीचे भरा नाहीतर सोडा. आपल्या यादीतला कुठला रकाना त्यांच्या कुठल्या रकान्यात जाणार, हे आधी जुळवायचं. हे काम तासाभराचं दिसतं. शीतल आठवडाभर त्यात होती, कारण यादीत जे दिसत होतं ते तसं नव्हतंच.

मोबाइलच्या रकान्यात कुठं दोन नंबर आडवी रेघ मारून लिहिलेले, कुठं ‘जावयाचा’ असं लिहून पुढं नंबर. जिथं दिवाणजींनी आधी ९१ लावलं होतं तिथं आकडे बारा झाले होते, आणि एक्सेल बारा आकड्यांची संख्या दशांश चिन्ह आणि घात लावून आखडून दाखवतं. ती फाइल तशीच साध्या सीएसव्हीत जतन केली की तो आखडलेला आकडाच लिहिला जातो, शेवटचे आकडे गेले ते गेले. सांगलीच्या ०२३३ मधलं पहिलं शून्यही एक्सेलनं खाल्लं होतं, कारण त्याच्या लेखी तो फोन नसून संख्या होती. चाळीसेक नावं दिवाणजींनी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती. तो फॉन्ट असेतोवर मराठी. युनिकोडच्या फाइलीत नेली की इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा. शीतलनं ती सगळी पुन्हा हातानं लिहिली.

जीएसटी नंबरांचं प्रकरण आणखी निराळं. हा नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे धारकाचा पॅन. आणि सगळ्यात शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणित करून काढलेलं. म्हणजे मधे कुठं शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला, तर शेवटचं अक्षर जुळत नाही आणि चूक पकडली जाते. ज्यानं कुणी ही सोय केली त्याला माणसाची बोटं नीट माहीत असणार.

एकोणतीस मार्चला शीतलनं फाइल चढवली. एकूण ओळी १,१८४. आत गेल्या ८७१, त्या हिरव्या. नाकारल्या ३१३, त्या तांबड्या, आणि प्रत्येकीपुढं कारण. मोबाइल नाही, अशा दोनशे सहा. राज्य दिलेलं नाही. जीएसटी नंबर चुकीचा. या नावाचं खातं आधीच आहे.

अण्णांनी पडद्यावरचं तांबडं बघितलं आणि त्यांचा चेहराही तसाच झाला.

‘तीनशे पार्ट्या नको म्हणतंय? माझ्या पार्ट्या? पैसे दिल्यात की ह्येला.’

‘नको नाही म्हणत अण्णा, विचारतंय,’ शीतल म्हणाली.

‘काय इचारतंय?’

‘ह्यांचा नंबर काय, हे कुठल्या राज्यातले, हे दोघे एकच का वेगळे.’

‘मग सांग की त्येला.’

‘मला कुठं माहितीय? तुम्ही सांगा, नाहीतर त्यांना फोन करून विचारायला पाहिजे.’

‘आनि फोन करायला नंबर कुठाय?’

यावर दीपक हसला. अण्णा हसले नाहीत. खरी अडचण त्यांना वेगळीच होती. पाच वर्षं ज्याला माल घातला त्याला आज फोन नंबर विचारायचा, म्हणजे आजवर तो आपल्याकडं नव्हता असं सांगायचं. पेठेत अण्णांची ख्याती अशी की त्यांना प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पोराबाळांची नावं पाठ. ती पाठ होतीही, नंबर नव्हते.

‘एक तारखेला बिल निघालं पायजे,’ ते म्हणाले. ‘आनि मला त्यात तांबडं काय दिसता कामा न्हाई. शून्य चुका पायजेत.’

शीतलला संध्याकाळची बस होती. दीपक थांबला. तो काही आळशी मुलगा नव्हता, उलट झटपट काम उरकण्याबद्दल त्याचं नाव होतं. मोबाइल सक्तीचा आहे ना? दोनशे सहा मोकळ्या चौकटींत त्यानं दुकानाच्या गल्ल्यावरच्या मोबाइलचा नंबर वरून खाली ओढला. राज्य नाही? सगळीकडं महाराष्ट्र. जीएसटी नंबर चुकतोय? काढून टाकला, पार्टी अनोंदणीकृत. आणि ‘या नावाचं खातं आधीच आहे’ तिथं सॉफ्टवेअरनं तीन पर्याय पुढं केले होते: नवी ओळ सोडून द्या, जुन्या माहितीवर नवी लिहा, की दोन्हींची बाकी एकत्र करा. पहिल्या दोहोंत काहीतरी गमावल्यासारखं होतं. तिसऱ्यात पैसा कुठंच जात नव्हता. त्यानं तिसरा निवडला. पाटील इलेक्ट्रिकल्स, पलूस आणि पाटील इलेक्ट्रिकल्स, जत यांचं एक खातं झालं.

रात्री साडेनऊला पडद्यावर आलं: ओळी १,१८४. यशस्वी १,१८४. चुका ०.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी पेढे वाटले. शेजारच्या हळदवाल्याला दुकानात बोलावून ते शून्य दाखवलं. शीतलनं आल्याबरोबर विचारलं, ‘ह्या सगळ्यांचे नंबर कुठून मिळाले?’ दीपक म्हणाला, ‘केलं मॅनेज.’ तिनं पहिल्या दिवशी आणखी एक गोष्ट विचारली होती, शेऱ्याचा रकाना कुठं घालू म्हणून. नमुना फाइलीत टीप नावाचा एक रकाना होता, पण त्यावर चांदणी नव्हती. आणि दिवाणजींनीच हात हलवला होता, ‘ते राहू दे. त्यात काय काय लिहिलंय, उद्या बिलावर छापून यायचं.’ तोंडाने फाटका वगैरे त्यांना आठवलं असणार.

नाकारलेली ओळ दिसते तरी. २०२० च्या शरदात इंग्लंडच्या आरोग्य खात्यात एक्सेलच्या जुन्या प्रकारची फाइल वापरात होती, जिच्यात ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. कोरोनाच्या तपासण्यांचे निकाल तिच्यात भरले जात होते. ओळी संपल्या, पुढची नावं गळाली आणि कुणी ओरडलं नाही. १५,८४१ बाधितांची नावं अशी मोजणीतून बाहेर राहिली, आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांपर्यंत निरोप उशिरा गेला. तिथं कुणाला काही तांबडं दिसलं असतं तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये पहिला आवाज अथणीहून आला. तिथल्या दुकानदाराच्या जीएसटी नंबरात ओ आणि शून्याची गफलत होती, म्हणून दीपकनं तो पुसला होता, आणि राज्य महाराष्ट्र केलं होतं. बिल निघालं ते सीजीएसटी-एसजीएसटी लावून. माल दुसऱ्या राज्यात जात असेल तर लागतो आयजीएसटी. शिवाय बिलावर नंबरच नसल्यामुळं त्या माणसाला भरलेल्या कराची वजावटही मिळेना. तो फोनवर आधी कानडीत आणि मग अण्णांना नीट समजावं म्हणून मराठीत ओरडला. चुकीच्या खात्यात भरलेला कर परत मागायचा आणि बरोबर खात्यात नव्यानं भरायचा, ह्या उद्योगात सीएंच्या हापिसात दोन चकरा झाल्या. अण्णा त्या माणसाला चिडके म्हणाले. मला विचाराल तर त्या महिन्यात दुकानाचं भलं त्याच एकट्यानं केलं.

मेच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला दीपकनं वसुलीचे मेसेज चालू केले. द्राक्षाचा हंगाम उरकलेला, पैसे मागायला मुहूर्त चांगला. अण्णा गादीवर होते. गल्ल्यावरचा मोबाइल वाजला. चष्मा लावून त्यांनी वाचलं: सप्रेम नमस्कार. आपल्या खात्यावर आमचे रु. १८,४०० येणे बाकी आहे. सात दिवसांत भरणा करून सहकार्य करावे.

‘कोण हाय रं ह्यो? माझ्याकडनं अठरा हजार?’

तेवढ्यात पुन्हा वाजला. रु. ६,२५०. पुन्हा. रु. ३१,०००. अण्णा उभे राहिले. कोइमतूर, राजकोट, पुणे, ज्यांचं ज्यांचं देणं होतं ते सगळे डोळ्यांपुढून गेले, पण ह्यातला एकही आकडा कुणाशी जुळेना. चहावाला पोरगा कप घेऊन तिथंच थांबला. फोन थांबत नव्हता. हळदवाले बाहेर आले. शेवटी शीतलनं मोबाइल हातात घेतला, खालचं नाव वाचलं, ओठ दाबून धरायचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही.

‘अण्णा, हे आपलंच दुकान आहे.’

दोनशे सहा मेसेज आले. दीपकनं काय केलं होतं ते सांगितल्यावर बेरीज करून बघितली, ती एकोणीस लाखांवर गेली. दुकानानं दुकानाकडं एकोणीस लाख मागितले होते, सात दिवसांची मुदत देऊन. पेठेत ही गोष्ट दुपारच्या चहापर्यंत टोकाला पोचली. ‘अण्णा, भरणार का मग?’ असं ज्यानं त्यानं विचारून घेतलं.

रात्री दुकान वाढवल्यावर अण्णा आणि दिवाणजी तो मोबाइल मधे ठेवून बसले. एकेक मेसेज उघडायचा, नाव वाचायचं. हे पुण्याला मुलाकडं गेले, दुकान भाड्यानं दिलंय. ह्यांचं आणि खालचं एकच, एकदा मोटार लिहिलंय, एकदा मोटर्स. ह्ये? दिवाणजी गप्प झाले. ‘हे २०२१ मध्ये गेले, अण्णा. कोरोनात. आपण जाऊन आलोय.’ अण्णांना आठवलं. त्या माणसाच्या बायकोनं दारात बसवून पाणी दिलं होतं. तिच्या हातातल्या मोबाइलवर हे सप्रेम नमस्कार जाता जाता राहिलं होतं, आणि राहिलं ते केवळ नंबर नव्हता म्हणून.

अण्णांना वाटलं, झालं एवढ्यावर भागलं. चुकलं ते आपल्याच फोनवर आलं, बाहेर कुणाला काही लागलं नाही.

चौथ्या दिवशी भिलवडीचे मिस्त्री आले.

त्यांची ओळ पहिल्याच फेरीत हिरवी झाली होती. नाव बरोबर, गाव बरोबर, राज्य बरोबर, मोबाइल दहा आकडी आणि चालू, बाकी पैशापैशापर्यंत बरोबर. सॉफ्टवेअरला त्यात हरकत घ्यावी असं काही नव्हतं. दीपकनं तिला हातही लावला नव्हता.

मिस्त्र्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यातले पैसे काढून गल्ल्यावर ठेवले. बावीस हजार सहाशे. काही नोटा नव्या, बऱ्याच दहा-वीसच्या.

‘मोजून घ्या अण्णा. आनि पावती द्या.’

अण्णा गडबडले. ‘आवो, कशाला? कुणी मागितलं तुमच्याकडं?’

मिस्त्र्यांनी मोबाइल पुढं केला. अण्णांनी वाचायची गरज नव्हती, तो मजकूर आता त्यांना पाठ होता.

‘ते मशीननं जातंय मिस्त्री. पोरास्नी कळलं न्हाई. तुमच्या नावाफुडं आमी...’ आणि इथं त्यांना थांबावं लागलं. तुमच्या नावापुढं आम्ही ‘मागू नये’ लिहिलंय, हे समोर बसलेल्या माणसाला कसं सांगायचं?

‘मशीन कुनाच्या नावानं पाठवतंय? तुमच्याच की,’ मिस्त्री म्हणाले. आवाजात राग नव्हता. ‘मला वाटलं हुतं इसरलासा. मीबी इसरल्यागत केलं, ते माझं चुकलं. हिशेबात हाय म्हंजे द्याय पायजे.’

‘आनि पुरात तुमी तीन आठवडं बसला, त्येचं काय मग?’

‘त्येचं बिल मी केलंय का कदी?’

अण्णांना उत्तर सुचलं नाही. दिवाणजी उठून आत गेले. पावती शीतलनं काढली. सॉफ्टवेअरनं ती विनातक्रार घेतली, खात्यावर बाकी शून्य दाखवली. मिस्त्र्यांनी ती घडी करून रुमालात बांधली, चहा घेतला, पोरांची चौकशी केली आणि गेले. ते अजून येतात. तार नेतात, बेअरिंग नेतात. रोखीनं.

त्या दिवशी अण्णांनी दीपकला काही बोलून घेतलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. शून्य कुणी मागितलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फक्त मेसेज बंद करायला सांगितले आणि शीतलला विचारलं, ‘आता पयल्यापासनं करायचं तर कसं?’

सगळं पुसून नव्यानं भरणं जमणार नव्हतं. महिन्याची बिलं त्या खात्यांवर चढली होती. शीतलनं आधी सगळ्या माहितीची प्रत बाजूला काढून ठेवली. मग सॉफ्टवेअरमधून पार्ट्यांची यादी उलट एक्सेलमध्ये काढली, प्रत्येक खात्याच्या क्रमांकासकट, म्हणजे नावं सारखी असली तरी ओळी एकमेकींत मिसळणार नाहीत. गल्ल्याचा नंबर जिथं जिथं होता तिथून तो काढला. दोन रकाने जादा घातले: कुणी विचारलं, कधी विचारलं. दिवाणजींची जुनी फाइल शेजारी उघडून बसली, आणि दिवाणजींना शेजारी बसवलं. ‘मागू नये’ म्हणजे काय ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खात्याला ‘स्मरणपत्र पाठवू नये’ अशी एक चौकट होती, टिचकी मारली की झालं. ती पहिल्यापासून तिथंच होती. चांदणी नसलेली.

फोन अण्णांनी केले. नंबर मिळवायचे ते गावातल्या दुसऱ्या दुकानदाराकडून, सोसायटीच्या सचिवाकडून, टेम्पोच्या ड्रायव्हरकडून. सुरुवातीला ते ‘कॉम्प्युटर बदललाय’ अशी प्रस्तावना करायचे. मग ती गळाली. ‘तुमचा नंबर माझ्याकडं न्हाई, लिवून घेतो,’ असं सरळ म्हणायला लागले. कुणी टोमणा मारला, कुणी जुनी बाकी स्वतःहून सांगितली आणि ती आपल्या यादीतल्यापेक्षा जास्त निघाली. एकानं विचारलं, ‘अण्णा, सगळं बरं हाय न्हवं?’ दुकान विकायला काढलंय अशी त्याला शंका आली होती.

पलूसचं मात्र उशिरा कळलं. पाटील इलेक्ट्रिकल्सचं एक खातं झालं होतं, त्यामुळं पलूसच्या माणसाला मेसेज गेला तो रु. ८६,५०० चा. त्याचं खरं देणं रु. १२,३००, बाकीचे जतवाल्याचे. तो अथणीवाल्यासारखा ओरडला नाही, मिस्त्र्यांसारखा आला नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी बारा हजार तीनशे बँकेतून पाठवून दिले आणि माल मिरजेच्या दुकानातून भरायला लागला. जूनमध्ये टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, ‘तितल्या फळीवर दुसऱ्यांची खोकी दिसाय लागल्यात.’ अण्णा स्वतः गेले. खाती वेगळी केल्याचा कागद बरोबर नेला. त्या माणसानं कागद बघितला, बसवलं, उसाचा रस मागवला आणि मिरजेवाल्याशी आता व्यवहार बसलाय असं सांगितलं. परतताना अण्णा जतला गेले. तिथल्या पाटलांना मेसेज गेलाच नव्हता, त्यांचं खातंच उरलं नव्हतं. ‘मला वाटलं, माफ केलंसा,’ ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले.

दुसऱ्या वेळी फाइल चढवायच्या आधी शीतलनं पाचच ओळी आत घातल्या. एक साधी, एक अथणीची, एक पाटलांची, एक जुन्या फॉन्टमधून सुधारलेली, एक ‘मागू नये’वाली. प्रत्येक खातं उघडून अण्णांना दाखवलं. मग बाकीच्या. दोनदा-तीनदा लिहिलेली नावं एक केल्यावर आणि गेलेल्यांची खाती बंद केल्यावर पार्ट्या राहिल्या होत्या १,०४३. हिरव्या झाल्या १,००५. अडतीस तांबड्या.

दीपकचा हात माऊसकडं गेला आणि थांबला. ‘काका, ह्या अडतीसांचं काय करू?’

‘कुठली गावं?’

दीपकनं वाचून दाखवली. जास्त करून जतच्या पूर्वेची, थोडी शिरोळची, दोन चिकोडीची.

‘ऱ्हाऊ देत तशाच,’ अण्णा म्हणाले. ‘नावं कागदावर उतरून ड्रायव्हरकडं दे. टेम्पो ज्या गावाला जाईल तितं इचारत यायचं. आनि जतच्या खेपंला तूबी जा बरुबर, चार माणसं वळखीची हुतील.’

दीपकनं यादी लिहायला घेतली. पहिलंच नाव दिवाणजींनी थांबवलं, ‘ह्यांच्याकडं शनिवारी जाऊ नको, दुकान बंद असतं.’